दोन बळांचा दगड

आपल्या भाषेने दगडाला फार बोल लावले आहेत. अभ्यास न येणारा मुलगा दगड, पाझर न फुटणारे मन दगड, आणि नवसाला पावला नाही की देवसुद्धा दगडच! मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय; त्यामुळे हे शब्दप्रयोग मुलांना समजावून देणे ओघानेच आले. पण भूशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी परवा माझ्या हाती कायनाइटचा तुकडा ठेवला, आणि दगड या शब्दाचा निराळाच अर्थ मला दिसू लागला.

लांबट, चपटा, पात्यासारखा तुकडा. मधोमध निळा, कडांना फिकट. निळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून वेर्नर या जर्मन पंडिताने १७८९ साली त्याचे बारसे केले. स्नेह्यांनी त्यावर उभा चाकू ओढला, रेघ उमटली. मग आडवा ओढला, तर चाकूच घसरला! एकाच स्फटिकाचा कठीणपणा उभा पाचाच्या आसपास आणि आडवा सातापर्यंत. म्हणून पुढे एका फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ‘डिस्थीन’, म्हणजे ‘दोन बळांचा’, असे दुसरे नाव दिले.

त्याचा जन्मही मोठा गमतीचा. रवा, तूप, साखर तीच. पण शिरा वेगळा आणि लाडू वेगळा. तसेच अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन त्याच प्रमाणात घेऊन निसर्ग तीन खनिजे करतो. चिकणमातीचे थर भूगर्भात गाडले जातात. दाब बेताचा असला तर अँडलुसाइट होते, उष्णता फार झाली तर सिलिमनाइट. आणि दाब जबर पण त्या मानाने उष्णता कमी, तर कायनाइट. तिघांत घट्ट आणि वजनदार तेच.

हे ऐकताना मला आमची आत्या आठवली. पंचविशीत वैधव्य आले, पदरात दोन मुली. दिवसकार्याला जमलेल्यांना तिच्या डोळ्यांत पाणी दिसले नाही. “बाई कसली, दगड आहे!” असे बोलून मंडळी जेवून गेली. पुढे शिवणकाम करून तिने दोघींना शिकविले. मुलींच्या हट्टापुढे ती लोण्याहून मऊ. पण दीर घराच्या कागदांवर सही मागायला आले, तेव्हा तिने त्यांना चहा दिला, सही दिली नाही. लोकांनी चाकू एकाच दिशेने ओढून पाहिला होता.

आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात कायनाइट सापडते. झारखंडातील लापसा बुरूची खाण तर एके काळी जगभर नावाजलेली होती. सुमारे तेराशे अंशांच्या पुढे भाजले की ते फुगते, त्याचे म्युलाइट होते, आणि मग ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. त्याच्या विटांचे अस्तर भट्टीला लावतात. आत लोखंड वितळते, अस्तर जागचे हलत नाही.

हे सारे मी आत्याला सांगितले. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, “अरे, मुली निजल्या की रडत होते की मी! पण तेव्हा बघायला कोण होते?”