ॲसिडिटीच्या गोळ्या आणि न विचारलेला प्रश्न

खारघरला होस्टेलवर राहणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी महिनाभरात तीन वेळा माझ्याकडे आला. छातीत जळजळ, रात्री झोप नाही, वजन कमी झालेले. मी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, थायरॉइड तपासले, साखर पाहिली. सगळे नॉर्मल. चौथ्या वेळी मी विचारले, "पैशांची काही अडचण आहे का?" तो रडायलाच लागला. सेमिस्टरची फी त्याने क्रिकेटच्या सट्ट्यात घालवली होती. ती भरून काढायला लोन ॲपवरून कर्ज घेतले, तेही हरला.

दारू-तंबाखूबद्दल मी प्रत्येक रुग्णाला विचारतो. जुगाराबद्दल विचारत नव्हतो. चूक माझीच.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. आमच्या पिढीला माहीत असलेल्या मटक्याचा आकडा ठरलेल्या वेळी उघडायचा. मोबाइलवर मात्र चेंडूगणिक पैसे लावता येतात. बक्षीस कधी लागेल हे सांगता येत नसले की मेंदू त्याकडे जास्तच ओढला जातो. 'थोडक्यात हुकले' असे झाले तरी पुन्हा खेळावेसे वाटते. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळत राहणे हे या आजाराचे मोठे लक्षण. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायद्याने तलफ जात नाही.

आता मी तरुण रुग्णांना दोन प्रश्न विचारतो. पूर्वीपेक्षा जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती खेळतोस याबद्दल घरच्यांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर नीट तपासणी हवी.

पालकांनो, गुपचूप कर्ज फेडून विषय मिटवू नका. मुलाशी बोलून काही महिने पैशांचे व्यवहार आपल्या हातात घ्या आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. समुपदेशनाचा, विशेषतः सीबीटी या उपचाराचा, उपयोग होतो. 'जगून काय करू' अशी भाषा आली, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दाखवा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

त्या मुलाच्या संमतीने मी वडिलांना बोलावले. त्यांनी आधी विचारले, "किती?" मग थोडे थांबून, "जेवतोस ना रे नीट?" मुलाचे उपचार चालू आहेत. मध्ये एकदा तो घसरला. पण या वेळी तो स्वतःहून सांगायला आला.