राधिकेची बोली

मालिका पाहणे हे बौद्धिक दारिद्र्याचे लक्षण होय, असे मी वर्गात अनेकदा बोललो आहे. धंतोलीतल्या आमच्या घरी तर रोजच. शेक्सपिअर शिकवणाऱ्याने सासूसुनांची भांडणे का ऐकावी? (शेक्सपिअरपाशीही विषप्रयोग, हरवलेली पत्रे आणि हुबेहूब दिसणारे जुळे भाऊ आहेतच, याचा मला सोयीस्कर विसर पडे.)

या मालिकांचे गोत्र दूरचे आहे. १९४८ साली क्यूबाच्या नभोवाणीवर 'एल देरेचो दे नासेर' ही कथामाला विलक्षण गाजली. १९७५ साली मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी अशाच कौटुंबिक कथेतून प्रौढांना साक्षरतेची गोडी लावली. तोच धडा गिरवून १९८४ मध्ये दूरदर्शनने 'हम लोग' काढली. २००३ ची 'जस्सी जैसी कोई नहीं' तर सरळ कोलंबियातल्या मालिकेवर बेतलेली. भेद एवढाच की, तिकडची कथा बहुधा काही महिन्यांत आटोपते. आमची संपण्याचे नाव घेत नाही.

२०१६ साली 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. तिची नायिका राधिका नागपूरची. मुंबईच्या संसारातही नागपुरी वळणानेच बोलणारी. नवऱ्याला तिची लाज वाटे. आई ताटावरचा हात थांबवून पाहत राही आणि मला हसू येई. पुढे एके रात्री मी उशिरा परतलो, तेव्हा तिने दारातच विचारले, "काहून रे, इतका उशीर काहून करून राह्यला?"

हे बोलणे माझ्याशी ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मी कॉलेजात असताना पुण्याचे मित्र घरी आले होते. त्यांच्यादेखत मी तिला टोकले होते, "आई, 'करून राहिली' नव्हे, 'करते आहे' म्हण." त्या दिवसापासून ती माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखी बोलू लागली. मी ती सुधारणा समजलो! स्वयंपाकघरात, मावशीपाशी ती कसे बोलते, याची चौकशी मी कधी केली नाही.

राधिकेच्या बोलीत मुंबईच्या लेखणीची भेसळ होती, असे माझे आजही मत आहे. आणि २०२१ पर्यंत ते कथानक ज्या रीतीने ताणले गेले, त्याचे समर्थन मी करणार नाही. त्या रात्री मात्र मी ताट घेऊन आईशेजारी बसलो आणि पडद्यावरची ती दुसरी कोण, म्हणून विचारले.

"शनाया," ती म्हणाली, "भल्ली बदमाश आहे ते पोरगी."

'ते पोरगी' मी दुरुस्त केले नाही.