मांडव घालणारा माणूस

गाणे रंगले की टाळ्या गायकाला मिळतात. वादकाचे कौतुक होते, गीतकाराचे नाव निघते. पण ज्याने मैदान मिळवले, दिव्यांची सोय केली, कलावंतांना गावातून आणले आणि त्यांच्या जेवणाची काळजी वाहिली, तो माणूस त्या वेळी मांडवाच्या मागे उभा राहून विजेच्या तारा तपासत असतो. गाणे ऐकायला त्याला फुरसत नसते. त्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, हिशेबाची वही उघडल्यावर सुरू होते.

छत्तीसगडमधील भिलाई शहरात सुपेला नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईच्या पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याच्या ओढीने देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. विदर्भातील अनेक मराठी कुटुंबेही त्यांत होती. ते साहजिकच होते, कारण 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात नांदत होते. रेल्वेमार्गाच्या एका बाजूला कारखान्याची आखीव सेक्टरे वसली, तर दुसऱ्या बाजूला सुपेला आपल्या मनाप्रमाणे वाढत गेले. येथील रविवारचा बाजार प्रसिद्ध आहे. भाजीपासून भांड्यांपर्यंत सारे काही रस्त्याच्या कडेला मांडलेले असते. सणासुदीच्या दिवसांत याच भागात गणपतीचे आणि दुर्गेचे मांडव उभे राहतात, मिरवणुकांत नागपुरी वळणाचा धुमाल घुमतो आणि रात्री लोकगीतांचे कार्यक्रम होतात.

अशा वस्तीत कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाचे आयुष्य बाहेरून वाटते तितके मजेचे नसते. कलावंतांना आधी विसार द्यावा लागतो. पोलिसांची व महानगरपालिकेची परवानगी काढावी लागते. ध्वनिक्षेपक, दिवे, जनरेटर, गाड्या यांचे भाडे ठरवावे लागते. हे सारे पैसे आधी जातात आणि वर्गणी वा तिकिटे यांतून यायचे पैसे मात्र आभाळावर अवलंबून असतात. परतीचा पाऊस एक तास बरसला, तरी महिनाभराची मेहनत चिखलात जाते. ध्वनिप्रदूषणासंबंधी 2000 साली झालेल्या नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास एरवी मनाई आहे. एके काळी पहाटेपर्यंत चालणारा नाचा हा लोकनाट्याचा प्रकार आता घड्याळाकडे पाहत आटोपावा लागतो. लोकांना आणखी एक गाणे हवे असते, कायद्याला शांतता हवी असते. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि त्या दोघांच्या मध्ये आयोजक उभा असतो.

बाजारात भाजीवाल्याची उरलेली मेथी संध्याकाळी निदान निम्म्या भावात जाते. आज रिकामी राहिलेली खुर्ची मात्र उद्या विकता येत नाही. ध्वनिमुद्रित गाणे पुन्हा पुन्हा विकता येते. समोर बसून ऐकायचे गाणे त्या एका रात्रीपुरतेच असते. हा व्यवहार जगभर सारखाच आहे. इंग्लंडमधील लहानसहान क्लबांत वादकमंडळींचे कार्यक्रम ठरवणारे लोकही हाच जुगार खेळतात. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लब या तळघरातच 1961 साली ब्रायन एपस्टीन यांनी बीटल्स या तेव्हा फारशा प्रसिद्ध नसलेल्या चौघांचे वादन ऐकले आणि पुढे ते त्यांचे व्यवस्थापक झाले. तेथे कोणीतरी आधी दार उघडे ठेवले होते, म्हणून ते चौघे त्यांच्या कानांवर पडले.

सुपेल्याच्या परिसरात असे दार उघडे ठेवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ दुलारसिंह साव हे त्यांतले एक. लोक त्यांना दाऊ मंदराजी म्हणत. 'दाऊ' म्हणजे गावचा प्रतिष्ठित जमीनदार. अशा घरातील मुलाने नाचाच्या नादी लागावे, हे घरच्यांना मुळीच रुचले नाही. तरीही 1928 च्या सुमारास त्यांनी रवेलीची नाचा मंडळी उभी केली. विखुरलेल्या कलावंतांना एकत्र आणले आणि नाचात हार्मोनियम रूढ केली. मंडळी चालवण्यासाठी त्यांनी वडिलोपार्जित जमीन हळूहळू विकली. 1984 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पदरी गरिबीच होती. पुढे छत्तीसगड राज्याने लोककलेसाठीचा सन्मान त्यांच्याच नावाने सुरू केला.

दुसरे नाव दाऊ रामचंद्र देशमुख यांचे. दुर्गजवळचे बघेरा हे त्यांचे गाव. नाचातला उथळपणा वाढत चालला आहे आणि आपल्याच बोलीची आपल्या माणसांना लाज वाटू लागली आहे, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी गावोगाव फिरून गाणारे, वाजवणारे आणि अभिनय करणारे लोक शोधले. गीतांसाठी लक्ष्मण मस्तुरिया आणि संगीतासाठी खुमानलाल साव त्यांच्याबरोबर आले. हे खुमानलाल तरुणपणी मंदराजींच्या मंडळीत हार्मोनियम वाजवीत असत. एका दाऊने लावलेले रोप दुसऱ्या दाऊच्या अंगणात फुलले, ते असे.

7 नोव्हेंबर 1971 रोजी बघेरा येथे 'चंदैनी गोंदा' प्रथम रंगमंचावर आला. गोंदा म्हणजे झेंडू, आणि चंदैनी गोंदा हे त्याचे लहान, साधेसे फूल. शेतकऱ्याच्या आयुष्यातील कष्ट, दुष्काळ, शोषण आणि सणांचा आनंद यांची गीतांतून गुंफलेली ही कथा होती. ती पाहण्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून दूरदूरच्या गावांहून येत. आपण रोज बोलतो ती भाषा इतकी गोड आहे, हे अनेकांना तेथे प्रथमच जाणवले. रायपूर आकाशवाणीने यातील गीते घरोघर पोहोचवली. या मंचावरील गायक भैयालाल हेडाऊ पुढे सत्यजित राय यांच्या 1981 सालच्या 'सद्गती' चित्रपटातही दिसले.

एवढी मोठी मंडळी चालवणे म्हणजे एक मोठे कुटुंब पोसणे होय. कोणाच्या घरी आजारपण, कोणाची नोकरी, कोणाचा रुसवा; सारे एकाच माणसाकडे येते. कलावंताला नाव मिळाले की त्याला बाहेरून बोलावणी येतात आणि त्याला अडवणे आयोजकाच्या मनाला पटत नाही. 1958 साली रायपूरला नाचा पाहून हबीब तन्वीर यांनी काही कलावंतांना दिल्लीला नेले. त्यांच्या नाटकांतून तीच माणसे पुढे जगासमोर आली. गावच्या मंडळीत मात्र त्यांची जागा रिकामी झाली. कलावंत मोठा व्हावा म्हणून झटायचे आणि तो मोठा झाला की त्याला निरोप द्यायचा, असा हा विलक्षण धंदा आहे.

1980 च्या दशकाच्या आरंभी देशमुखांनी 'चंदैनी गोंदा'चा आपला अध्याय संपवला. नंतर खुमानलाल साव यांनी 2019 साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत ते नाव जिवंत ठेवले. देशमुख 1998 साली गेले. ज्या मातीचा अभिमान त्यांनी लोकांत जागवला, तिचे वेगळे राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पैशांच्या हिशेबात हे दोघेही दाऊ तोट्यात गेले, असे कोणी म्हणेल. परंतु वहीत फक्त खर्च आणि जमा लिहिता येते. शेतात रोवणी करताना एखादी बाई सहज गुणगुणू लागते, ते गाणे कोणत्या रकान्यात लिहायचे?

सुपेल्यात उत्सव संपतो. दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू उतरवले जातात, सतरंज्या झटकल्या जातात, भाड्याची भांडी मोजून परत केली जातात. जमिनीत खांबांचे खड्डे तेवढे उरतात. आयोजक ते मातीने बुजवतो, कारण मैदान जसे घेतले तसे परत करायचे असते. मग देणी किती राहिली ते मोजत तो घरी जातो. पुढच्या वर्षी हे करायचे नाही, असे तो बायकोला सांगतो. पुढचा पाऊस सरत आला, की तोच माणूस मैदानाची चौकशी करायला पुन्हा बाहेर पडतो.