काच मी लावली, बिल भाडेकरू भरतोय

राजारामपुरीत मेन रोडला लागून आमची जागा आहे. आधी तिथं कौलारू घर होतं. जाड दगडी भिंती, पुढं सोपा, पश्चिमेच्या अंगाला आंबा. २०१४ साली ते पाडलं आणि चार मजली बिल्डिंग बांधली. खाली दुकानं, वर ऑफिसं. आजची पोस्ट त्या बिल्डिंगबद्दल आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या एका चुकीबद्दल आहे. जरा लांब आहे, चहा घेत वाचा.

बिल्डिंगचं तोंड पश्चिमेला. मी हट्टानं पुढच्या सगळ्या बाजूला काच लावून घेतली. पुण्यातल्या आयटी कंपन्या बघून आलो होतो, डोक्यात तेच होतं. भिंत बांधणारे गवंडीमामा तेव्हा म्हणाले होते, "सायेब, ह्या अंगाला काच नको. उन्हाळ्यात भट्टी व्हईल." मी हसलो. म्हटलं, मामा, एसी असतात आता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं मला वर बोलावलं. दुपारचे साडेचार वाजले होते. आत गेलो तर काचेजवळच्या टेबलावरचा मुलगा घामानं भिजलेला आणि एसीच्या खाली बसलेली मुलगी अंगावर स्टोल घेऊन टाइप करतेय. एसी १८ वर. भाडेकरूनं काही न बोलता लाइट बिल माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "दादा, भाडं परवडतंय, पण हे नाही परवडत. दिवाळीनंतर दुसरीकडं बघतो."

त्या रात्री पहिल्यांदा हिशोब मांडला. सगळ्या मजल्यांवर मिळून २२ एसी. तासाला सरासरी एक युनिट, दिवसाला ९ तास, महिन्याला २५ दिवस. झाले ४,९५० युनिट, फक्त गारव्याचे. आपल्याकडची वीज कोयना-राधानगरीच्या पाण्याचीच असती तर गोष्ट वेगळी होती. पण ग्रीडमध्ये सगळं एकत्र येतं आणि त्यात मोठा वाटा चंद्रपूरसारख्या ठिकाणी जळणाऱ्या कोळशाचा. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे माझ्या एका बिल्डिंगचा, एका महिन्याचा, जवळपास साडेतीन टन. आमच्या दारात धूर दिसत नाही, कारण तो चंद्रपुरात निघतो.

आता मुद्दा बघा. काच कुणी लावली? मी. भिंतीपेक्षा भारी दिसते म्हणून. बिल कोण भरतो? भाडेकरू. मग मी सुधारणा कशाला करू, माझ्या खिशातून कुठं जातंय? आणि भाडेकरू तरी दुसऱ्याच्या बिल्डिंगवर पैसा का घालेल, त्याचा करार तीन वर्षांचा. बांधणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि धूर सोसणारा तिसराच. तिघांची कधी गाठच पडत नाही. मुंबईच्या बीकेसीतला टॉवर असो की आमच्या गल्लीतली बिल्डिंग, दुखणं हेच आहे.

यावर कायदा नाही असं नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, त्याखाली २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली, २०१७ साली ती सुधारली. दर्शनी भिंतींत काचेचं प्रमाण सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं त्यात आहे. पण ती लागू होते १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींना. माझी बिल्डिंग त्याखाली. म्हणून मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं ही मर्यादा खाली आणायचा अधिकार राज्यांना दिलाय.

आणि बांधून झालेल्या इमारतीचं काहीच करता येत नाही, हेही खरं नाही. मुंबईत फोर्टमध्ये गोदरेज भवन आहे, १९७२ चं. २०१० च्या सुमारास त्यांनी एसीची जुनी यंत्रणा बदलली, दिवे बदलले. घातलेला पैसा पाच वर्षांच्या आत विजेच्या बचतीतून परत येईल, असा हिशोब अभ्यासकांनी मांडला. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ ची. तिच्या साडेसहा हजार खिडक्या काढून, त्याच इमारतीत एका मजल्यावर कारखाना थाटून, जुन्याच काचा नव्यानं जोडून परत बसवल्या. बाकी कामांसकट ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करायचं त्यांचं लक्ष्य होतं. पाडलं नाही, दुरुस्त केलं.

मी काय केलं? आधी सगळ्या काचांना आतून पडदे लावले. काही उपयोग झाला नाही. उद्यमनगरातल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरनं कारण सांगितलं. ऊन एकदा काचेच्या आत आलं की आतच बसतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन बाहेरच अडवलं पाहिजे. त्यानं लोखंडी चौकट करून काचेच्या बाहेर फूटभर अंतरावर ॲल्युमिनियमच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या. खर्च निम्मा माझा, निम्मा चारही भाडेकरूंचा, आणि त्या बदल्यात दोन वर्षं भाडेवाढ नाही, असं कागदावर लिहून दिलं. बायको म्हणाली, नुकसान करून घेतलंस. असेलही.

दुसरी गोष्ट फुकट होती. सगळे एसी २५ वर आणि वर पंखे चालू. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचा नवा एसी सुरू करताना आपोआप २४ वरच येतो, खाली आणतो ते आपण. यावरून मात्र भांडणं झाली. एका भाडेकरूचं म्हणणं, "माझे क्लायंट आत येऊन गार वाटलं पाहिजे." त्याचा एसी आजही २० वर असतो. त्याच्यापुढं मी हात टेकले.

या मे महिन्यात सगळ्यांची बिलं एकत्र केली. गेल्या मेपेक्षा साधारण सव्वा हजार युनिट कमी. पाऊस थोडा लवकर झाला, त्याचाही हात असेल. पण तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू गेला नाही आणि ती मुलगी आता स्टोल घेत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. त्यासाठी आपण किती वर्षं झगडलो हे वेगळं सांगायला नको. आता वकिलांची ऑफिसं येणार, हॉटेलं येणार, राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरीत जुनी घरं पाडून बिल्डिंगा उठणार. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीतले पाहुणे आमच्याकडं राहायला होते. त्या पुराचं खापर माझ्या एसीवर फोडता येणार नाही, एवढं मला कळतं. पण हवा बिघडवण्यात माझा वाटा शून्य आहे, असंही आता म्हणवत नाही.

म्हणून दोनच मागण्या. एक, महापालिकेनं बांधकाम परवानगी देताना एवढंच बघावं की पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली आहे का. दोन, प्रत्येक कमर्शियल बिल्डिंगनं, सरकारी ऑफिसांसकट, लिफ्टशेजारी पाटी लावावी: या महिन्यात किती युनिट, मागच्या वर्षी याच महिन्यात किती. पाटी लावायला फार खर्च येत नाही. आमच्याकडं या महिन्यापासून लागलीय, येता-जाता बघून जा.

आणि नवीन बांधणाऱ्यांनो, एलिव्हेशन ठरवायच्या आधी साईटवरच्या गवंड्याला एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं होतं. तेही ऐकलं नाही.