अरण्याचे राखणदार

चंद्रपूर जिल्ह्याच्या ज्या भागास लोक झाडीपट्टी म्हणतात, त्या भागात सिंदेवाही हे तालुक्याचे गाव आहे. धानाच्या बांध्या, गावोगावचे जुने मामा तलाव आणि शेताला अगदी लागून उभे असलेले साग-बांबूचे जंगल, अशी या मुलखाची ठेवण. तालुक्याच्या पश्चिमेस ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प पसरला आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याची स्थापना १९५५ साली झाली. १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली या दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा आहे. गाभ्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र असून त्यात गावे आहेत, शेते आहेत आणि वाघही आहेत.

ताडोबा हे नाव तारू या देवावरून पडले. तारू हा पूर्वी एका गावाचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना त्याला मरण आले, अशी कथा सांगतात. तलावाच्या काठी एका मोठ्या वृक्षाखाली त्याचे स्थान आहे. वाघाच्या हातून मेलेल्या माणसाला लोकांनी देव मानले, आणि त्याच तळ्यावर वाघही पाणी पीत राहिला.

हंगामात येथे देशोदेशीचे प्रवासी येतात. पहाटे फाटक उघडते आणि जिप्सी गाड्या ओळीने आत शिरतात. चितळाची धोक्याची हाक ऐकू येते. सारे श्वास रोखून बसतात. बांबूच्या बेटातून वाघ वाटेवर येतो, क्षणभर थबकतो आणि पलीकडच्या झाडीत दिसेनासा होतो. प्रवासी धन्य होऊन परततात. परंतु त्या एका क्षणामागे किती जणांची पायपीट आहे, हे गाडीत बसून दिसत नाही.

राखणीच्या सोयीसाठी जंगलाचे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा भागास नियतक्षेत्र म्हणतात, आणि त्याची जबाबदारी एका वनरक्षकाकडे असते. त्याच्या सोबतीला जवळच्या गावांतले वनमजूर असतात. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात वावरलेल्या या माणसांना तेथील वाट नि वाट ठाऊक असते. आडरानातील संरक्षण कुटीत त्यांचा मुक्काम असतो. दिवस उजाडताच हाती काठी घेऊन ती मंडळी पायी निघतात. ओल्या मातीतला ठसा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे, वाटेवरची विष्ठा, सारे काही ती पाहतात व त्याची नोंद करतात. झुडपात लावलेला तारेचा फास त्यांची नजर चुकवू शकत नाही. वाघाचे पाऊल दिसले की त्यांना समाधान वाटते. पण जेथे माणसाने येण्याचे काही कारण नाही, तेथे माणसाचे पाऊल उमटलेले दिसले की ती सचिंत होतात.

वाघांची गणना हेही त्यांचेच काम. पूर्वी वाघाच्या ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घेत आणि ठशांवरून वाघ मोजत. ही रीत सदोष होती. २००५ साली राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. कागदावर मात्र तेथे वाघ नांदत होते. त्यानंतर देशभर नवी पद्धत आली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांवर समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की त्याच्या दोन्ही कुशींची छायाचित्रे निघतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. हे कॅमेरे रानात वाहून नेणारी, बांधणारी आणि पुन्हा उतरवून आणणारी माणसेच असतात. शिवाय भल्या पहाटे ठरावीक सरळ रेषेत किमान २ किलोमीटर चालून चितळ, सांबर, नीलगाय, गवे मोजावे लागतात. कारण जेथे भक्ष्य नाही, तेथे वाघ राहत नाही.

उन्हाळा हा कसोटीचा काळ. नाले आटतात, पाने गळतात आणि सारे रान वाळून कोळ होते. तेव्हा कृत्रिम पाणवठे भरून ठेवावे लागतात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, वारा सुटतो आणि ठिणगी वणव्याचे रूप घेते. तो पसरू नये म्हणून आधीच जमिनीचे लांब पट्टे साफ करून ठेवतात; त्यांना जाळरेषा म्हणतात. आग लागलीच तर भर दुपारी, हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवावी लागते. पावसाळ्याचे तीन महिने गाभा प्रवाशांसाठी बंद असतो. वनरक्षकाला मात्र सुटी नसते. वाटा चिखलात बुडाल्या, तरी गस्त चालूच राहते.

हे काम जिवावरचे आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय गणनेच्या पूर्वतयारीसाठी एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह ताडोब्याच्या जंगलात पायी फिरत होती. पुढे वाटेवर वाघीण दिसली. मंडळी काही वेळ थांबली आणि मग वळसा घालून जाऊ लागली. परंतु वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्या वनरक्षक स्त्रीचा अंत झाला. पुढे त्या गणनेचा निकाल जाहीर झाला. २०२२ साली भारतात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. साऱ्या देशाला त्या आकड्याचा आनंद झाला. त्या आकड्यात तिचीही पावले होती.

जंगलाच्या काठी राहणाऱ्यांचेही मोल असेच मोठे आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. तेंदूपानांच्या मजुरीचे ते थोडे दिवस गरिबाच्या घराला मोठा आधार देतात, म्हणून भीती असूनही माणसे रानात जातात. ज्या घरातील माणूस गेला, त्या घराला वाघाचे कौतुक करायला कोण सांगणार? वनरक्षकाला अशाही घरी जावे लागते, लोकांचा संताप ऐकून घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांच्या मदतीने काम करावे लागते.

यासाठी अनेक गावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले उभी राहिली आहेत. वाघ शिवारात आल्याची वार्ता कळताच हे तरुण धावून जातात, जमलेली गर्दी मागे हटवतात, वनखात्याला कळवतात आणि वाघाला जंगलाची वाट मोकळी करून देतात. गर्दी पांगली, तर बहुधा माणूसही वाचतो आणि वाघही वाचतो.

प्रवाशांना वाघ दिसतो, आणि त्यांनी तो अवश्य पाहावा. परतीच्या वाटेवर एखादी काठी टेकीत चाललेली खाकी आकृती आणि तिच्यामागून डोक्याला दुपट्टा बांधून चाललेला वनमजूर दिसला, तर गाडी थोडी हळू घेण्यास सांगावे. त्यांच्या अंगावर धूळ उडू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.