अप्पारावाची उधारी

हातउसने मागणाऱ्या माणसाला भाषा फार जपून वापरावी लागते. आधी हवापाण्याच्या गोष्टी, मग मुलाबाळांची खुशाली, मग समोरच्याच्या नव्या सदऱ्याचं कौतुक. हे सगळं यथासांग झालं की आत्ताच आठवल्यासारखं दाखवून खऱ्या विषयाला हात घालायचा. पैसे नसलेल्यापाशी भांडवल असतं ते एवढंच. तेलुगूतले विनोदी लेखक आणि पटकथाकार मुळ्ळपूडी वेंकटरमण (१९३१–२०११) यांनी हे भांडवल जितक्या बारकाईनं निरखलं तितकं फार थोड्यांनी निरखलं असेल. त्यांच्याविषयी बोलताना बहुतेकजण मिस्कीलपणा, शब्दांच्या कोट्या आणि गोदावरीकाठच्या बोलीचा गोडवा यांवर थांबतात. हे सारं त्यांच्यात आहेच. पण मला त्यांच्या विनोदाचं मूळ दिसतं ते गरजेत. ज्याला मागावं लागतं, तो आपली आब राखण्यासाठी काय काय बोलतो, हा त्यांचा विषय आहे. कथेपासून चित्रपटापर्यंत त्यांनी तो कधी सोडला नाही.

या विषयाची ओळख त्यांना पुस्तकातून झालेली नव्हती. जन्म राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमचा. वडील लवकर गेले, आईनं मिळेल ते काम करून मुलांना वाढवलं आणि घर मद्रासला आलं. तिथंच शाळकरी वयात सत्तिराजु लक्ष्मीनारायण, म्हणजे पुढं चित्रकार आणि दिग्दर्शक म्हणून गाजलेले बापू, यांच्याशी मैत्री जुळली. विशीत ‘आंध्र पत्रिके’त नोकरी मिळाली आणि लेखणी वाहती झाली. त्यांचं अप्पाराव हे पात्र जन्मलं ते या काळात. त्याच्या कथांचं नाव ‘ऋणानंदलहरी’. शंकराचार्यांची ‘शिवानंदलहरी’ आणि ‘सौंदर्यलहरी’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातली गंमत सांगावी लागणार नाही. स्तोत्राच्या थाटात कर्जाचा महिमा गायचा, हीच मुळात अप्पारावाची रीत. तो ओळखीच्या प्रत्येकाकडून पैसे उचलतो, आणि ते इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं की देणाऱ्याला आपण एका कलेला आश्रय दिल्यासारखं वाटावं. रमण त्याला लबाड ठरवत नाहीत आणि बिचाराही ठरवत नाहीत. ज्याच्या खिशात काही नाही त्याच्या जिभेवर सगळं वैभव ठेवलं की देणारा आणि घेणारा एका पातळीवर येतात, हे त्यांना पक्कं कळलं होतं. अप्पारावाचं नाव तेलुगू समाजात इतकं रुजलं की १९९२ साली त्याच्या नावाचा चित्रपटही निघाला.

‘बुडुगु’ हे त्यांचं सर्वांत लाडकं पात्र. या खोडकर मुलाकडं पाहिलं की काहींना हँक केचमचा अमेरिकन ‘डेनिस’ आठवतो. बापूंच्या रेषांमुळं तसं वाटणं साहजिक आहे, आणि डेनिस १९५१ पासून छापून येत होता हेही खरं. तरी तुलना तिथंच संपते. डेनिसकडं आपण मोठ्यांच्या नजरेनं पाहतो. बुडुगुच्या पुस्तकात मोठी माणसं बुडुगुच्या नजरेला सापडतात. शिकवणीला येणारे मास्तर, प्रेमात पडलेला काका, शेजारच्या काकूंचा नवरा, दोन वेण्यांची सीता, सगळ्यांचा निवाडा तो स्वतःच्या तोंडानं करतो. घरात अधिकार नसलेला हा सर्वांत धाकटा माणूस. अप्पारावाकडं पैसा नाही, बुडुगुकडं वय नाही. दोघंही ती उणीव बोलण्यानं भरून काढतात.

रमणांवरचा एक आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. साठच्या दशकात रमण चित्रपटांकडं वळले, कथा आटल्या, म्हणजे सिनेमानं एक अव्वल लेखक गिळला, असं पुष्कळदा बोललं जातं. कथांची संख्या पाहिली तर तक्रार चुकीची नाही. ‘कानुक’सारखी कथा पुन्हा झाली नाही, याची हळहळ मलाही वाटते; कृष्णाला अर्पण करावी अशी बासरी घडवू पाहणाऱ्या गोपन्नाची ती कथा विनोदाविनाही रमण किती उंच जाऊ शकत होते याची साक्ष आहे. पण सिनेमात ते वेगळं काही करत नव्हते. ‘रक्तसंबंधम्’ आणि ‘मूग मनसुलु’ यांच्या लेखनानं सुरुवात झाली. ‘मूग मनसुलु’च हिंदीत ‘मिलन’ झाला. १९६७ साली बापूंचा पहिला चित्रपट ‘साक्षी’ आला, तोही रमणांच्याच कथेवर. मग १९७५ चा ‘मुत्याल मुग्गु’. त्यात राव गोपालरावांनी साकारलेला कंत्राटदार सकाळच्या तांबड्या आभाळाकडं पाहतो. त्याला तिथं खून पडल्यासारखं दिसतं, सूर्य रक्ताच्या गोळ्यासारखा वाटतो, आणि तो अगदी रसिकपणे सांगतो की माणसाच्या अंगी थोडी तरी कलेची आवड हवी. सेक्रेटरीला तो ‘सेगट्री’ म्हणतो. एका सुखी संसारात माती कालवण्याचं काम तो पूल बांधायचं कंत्राट घ्यावं तसं घेतो. आरडाओरडा नाही, दात खाणं नाही, बोलणं मऊसूत. अप्पाराव आणि हा कंत्राटदार दोघंही गोड बोलतात. फरक इतकाच की एक आपली लाज झाकतो आणि दुसरा आपला गुन्हा. भाषेचा पडदा कुठल्या गोष्टीवर ओढला आहे हे ज्याला दिसतं, तो लेखक पडद्यावर जाऊन हरवला, असं कसं म्हणावं?

यावर कुणी म्हणेल, गरिबीला असं हसरं रूप दिलं की तिची धग निघून जाते. वाचक हसतो आणि सुखानं झोपी जातो. हा धोका विनोदी लेखनाला नेहमीच असतो. मात्र रमण गरिबीला हसत नाहीत, गरज माणसाला जी सोंगं घ्यायला लावते त्यांना हसतात. १९९१ चा ‘पेळ्ळी पुस्तकम्’ पाहा. पूर्वीच्या ‘मिस्सम्मा’त नोकरीसाठी दोन अविवाहित माणसं नवरा-बायको असल्याचं नाटक करतात, इथं लग्न झालेलं जोडपं नोकरीसाठी अविवाहित असल्याचं नाटक करतं. पोटासाठी स्वतःचं लग्न लपवावं लागतं, ही गोष्ट हसण्यावारी नेली तरी हलकी होत नाही; उलट हसता हसता तिचं विचित्रपण अंगावर येतं. मात्र एक ठपका मान्य करायला हवा. रामायणाच्या ओढीपायी रमणांच्या कितीतरी नायिकांच्या वाट्याला नुसतं सोसणं आलं. ‘मुत्याल मुग्गु’तली नायिका सीतेसारखी संशयाला बळी पडते, आणि बोलण्याची सगळी मौज कंत्राटदार लुटून नेतो. जिला सर्वांत जास्त मागायचा हक्क होता, तिलाच त्यांनी शब्द कमी दिले. पुढं ‘मिस्टर पेळ्ळाम’मध्ये नवरा घर सांभाळतो आणि बायको नोकरी करते, तेव्हा ही बाकी थोडीशी फिटते. पुरती नाही, कारण २०११ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर पडद्यावर आलेली शेवटची पटकथा ‘श्रीराम राज्यम्’ पुन्हा सीतात्यागाकडंच गेली.

आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘कोति कोम्मच्चि’, आपल्याकडच्या सूरपारंब्यांसारख्या झाडावरच्या खेळाचं. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत आठवणी सांगायच्या, साल-महिन्यांचा हिशेब ठेवायचा नाही. हा विस्कळीतपणा काहींना खटकतो, पण स्वतःच्या हलाखीविषयी लिहिताना कीव मागायची नसेल तर एका जागी फार वेळ न थांबणं हाच सभ्य मार्ग असतो. बापूंचं ऋण मात्र ते कुठंही लपवत नाहीत. रेषा कुणाची आणि शब्द कुणाचा हा प्रश्नच पडू नये, अशी ती जोडी होती. तेलुगू माणूस आजही ‘बापू-रमण’ असं एका दमात म्हणतो. तेव्हा रमणांना केवळ विनोदी लेखक म्हणणं मला अपुरं वाटतं. देणं-घेणं हा माणसामाणसांतला सर्वांत अवघड संवाद आहे. तिथं एकाची मान खाली जाते आणि दुसऱ्याची उगाच ताठ होते. त्या संवादात दोघांच्याही माना सरळ राहाव्यात एवढं बळ रमणांच्या लेखणीत होतं, आणि जिथं तिनं ते बळ स्त्रियांना द्यायचं टाळलं तिथंच ती तोकडी पडली.