चतुर माझा, किडा तिचा

हात थरथरायला लागला तेव्हा पहिली काळजी वाटली ती चतुराच्या पंखांची. पुढची लांब शीर मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायची, ही माझी मिरवायची जागा. फ्रेझरच्या चतुरांवरच्या तीन खंडांतले (१९३३ ते १९३६) पंख शेजारी ठेवून मी माझे पंख लोकांना दाखवत असे. हसत हसत, पण दाखवत असे.

खरं तर चतुर अवघड नाहीच. मेला तरी पंखांची ठेवण सोडत नाही. नोडस, म्हणजे पुढच्या कडेवरची खाच, कुठे, टोकाजवळचा गडद चौकोन किती घरांवर टेकतो, सगळं मोजता येतं. रंग तेवढे उडतात.

छळलं ते मखमली किड्याने. मृगात निघणारा लाल, तो नव्हे, हा पेरिपॅटस. अंगभर वळ्या, वळ्यांवर बारीक फोड, आणि आतल्या द्रवाच्या दाबावर उभे राहणारे बिनसांध्यांचे पाय. स्पिरिटमध्ये आकसतो, मग लांबी कुठली धरायची? कडेने रेघ मारली की त्याची गोगलगाय होते. १८२६ साली गिल्डिंगने त्याला मृदुकायांतच बसवलं होतं, आणि माझी चित्रं पाहून मला ते पटायचं. रेघ नाही मारली तर पाय कागदात विरतात. पायाच्या मुळाशी वळ्या दाटतात, तिथे माझे ठिपके नुसता काळा डाग होतात. नख्या आणि जबडे सोडले तर या प्राण्यात कडक असं काही नाही. प्रत्येक पायाला दोन नख्या. तेवढ्यावरच निब निर्धास्त टेकते. आपल्याकडची आंधळी जात केम्पला १९११-१२च्या अबोर मोहिमेत सियांगच्या खोऱ्यात मिळाली. मला त्याचा हेवा वाटतो. माझ्या वाट्याला बाटलीतलेच आले.

माझी विद्यार्थिनी टॅबलेटवर एक फोड काढते, त्याचा ब्रश करते आणि अंगभर शिंपडते. टापटीप दिसतं, पण किडा रेक्झिनचा होतो. नियतकालिकांना हल्ली तेही नको, एकावर एक रचलेले फोटो हवेत. फोटोत सगळंच स्पष्ट; कुठली वळी महत्त्वाची, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

पण तिने कड काढलीच नाही. पायांमागचा भाग गडद केला आणि पाय उठून आले. मला हे सुचलं नव्हतं असं नाही. त्यात माझी रेघ दिसली नसती, म्हणून केलं नाही.

पुढच्या फलकावरचा किडा तिचा. फोड एकेक काढायचे, एवढी माझी अट. चतुर मात्र मी अजून कुणाला देणार नाही.